भाच्याच्या मापाचा नेहरू शर्ट

ये गं, जरा जवळ सरक. कागदावरच का होईना, पण मामीच्या शेजारी बस. दिवाळीला आली नाहीस. संक्रांतीला तिळगूळ धाडलास तो कुरिअरनं, तोही दुकानातला. फोन लावला की "मीटिंगमध्ये आहे मामी, नंतर करते." तुझी ही मीटिंग चार महिने चाललीय होय? लहानपणी मे महिन्यात आष्ट्याला आलीस की शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत हलायची नाहीस, आणि आता रुसून बसलीस. का, ते मला ठाऊक आहे. तुझ्या भावाचा शर्ट भर सभेत फाटला, आणि तो मी शिवला होता.

रूस की. भावासाठी बहीण रुसणार नाही तर कोण रुसेल? पण तू एकाच बाजूचं ऐकून रुसलीस, ते मला पटत नाही. तेव्हा आता माझं ऐक. मी काही लपवणार नाही. शर्ट चुकून फाटला असं मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

तुला आठवतंय ना, तो पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला होता ते? इंजिनिअरची नोकरी सोडली आणि आमच्या सोप्यात बसून मला म्हणाला, "मामी, मी कंपनी काढतोय. बायकांनी टेलरकडं जायचंच नाही. पांढऱ्या भिंतीपुढं उभं राहायचं, एक फोटो समोरून, एक बाजूनं. फोन माप काढणार. कापड तुझ्याकडं येणार, शिवलेलं ब्लाऊज घरपोच जाणार."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! या पोराचा शाळेचा पहिला शर्ट मी शिवलेला. सुईत दोरा ओवायला माझ्यापाशी शिकला. मी स्वतः कुणाकडं शिकले नव्हते. लग्नानंतर सांगलीच्या एका बाईचं ब्लाऊज उसवून, त्याचे तुकडे पेपरवर मांडून शिकले. त्या उसवलेल्या ब्लाऊजवर माझा सगळा संसार उभा राहिला. तुझे मामा फौजेत होते, ते पेन्शनीवर घरी येईस्तोवर या मशिनीनंच मला सोबत केली.

मागचा म्हशींचा गोठा रिकामाच होता. तो सारवला, फरशी घातली, आठ मशिनी मांडल्या. माझ्यासकट आठ बायका गोळा केल्या. त्यातली एक जत तालुक्यातली. नवऱ्याच्या कामासाठी आष्ट्यात राहायची, बोलताना मधेच कानडी यायचं, मला अक्का म्हणायची. तिच्या हातासारखा हात मी पाहिला नाही. तिची टीप बघावी तर आखून मारल्यासारखी.

पहिल्या आठवड्यातच मी तुझ्या भावाला म्हटलं, "बाळा, फोटोत बाई हात खाली सोडून उभी हाय. माझ्याकडं बाई आली की मी तिला हात वर करायला लावते. फळीवरचा डबा काढायचा असला की कसा करतो, तसा. तवा मुंढ्याचं खरं माप कळतं. न्हाईतर काखेत फाटतंय." मुंढा म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडतात तो गोल. तुला माहिताय, पण लिहिलेलं बरं.

तो हसला. "मामी, दहा हजार फोटोंवर शिकवलंय त्याला. डेटा चुकत नसतो."

"त्या धा हजारांत एकीनं तरी हात वर केलता का?"

"तशी गरज नसते गं."

गरज होती. महिन्याभरात ब्लाऊजं परत यायला लागली. एका शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी जोडली होती, फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला आणि वर्गातल्या पोरींसमोर काखेत फाटलं. ती चिठ्ठी मी वाचली आणि मलाच कसंतरी झालं. संध्याकाळी आठहीजणी बसलो आणि ठरवलं. फोनचं माप काही असो, मुंढ्याला एक बोट जास्त सोडायचं. आणि ज्याला सोडलं त्याच्या आतल्या बाजूला पिवळ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा, म्हणजे आपल्याला कळेल.

पिवळ्या टाक्याचं एकही ब्लाऊज परत आलं नाही. एकही नाही.

मी हरखून त्याला फोन केला. तो कुठल्यातरी गुंतवणूक करणाऱ्या साहेबांशी बोलत होता. "मामी, नंतर," म्हणाला. ते नंतर काही आलंच नाही. आली ती त्याच्या ऑफिसातली एक मुलगी, टेप घेऊन. तिनं तयार माल मोजला आणि पुण्याला कळवलं की आष्ट्याच्या बायका मनानं माप बदलतात. त्यावर त्याचा निरोप आला, सिस्टिमच्या बाहेर जायचं नाही. जतची मला म्हणाली, "अक्का, त्यास्नी पिवळा टाका दाखवा की." आधी दोनदा सांगून बघितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला माझा मान आडवा आला. तिथं माझी चूक, ती मी कबूल करते.

परत फोनच्या आकड्यावर शिवायला लागलो, परत ब्लाऊजं माघारी यायला लागली, आणि सहा महिन्यांत कंपनी बंद. प्रत्येकीचा पगार त्यानं दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मशिनी ज्या त्या बाईला देऊन टाकल्या. जतची तिची मशीन टेम्पोत घालून गावी गेली. तिकडं टँकरनं पाणी येतं, पण शिवणारी बाई जवळपासच्या चार वाड्यांत एक नाही. हिनं बसल्या बसल्या जम बसवला. शाळेचे ड्रेस, लग्नाची ब्लाऊजं. मला फोन करून सांगायची, "अक्का, आज तिघींना हात वर करायला लावलं." मग आम्ही दोघी हसायचो.

वर्षभर तुझा भाऊ कुठं होता, काय करत होता, कळलं नाही. मग एके दिवशी वन्संचा फोन आला, म्हणजे तुझ्या आईचा. तो कोच झालाय म्हणे. तुझ्या मामांनी विचारलं, "कशाचा? कबड्डीचा?" नाही, एक्झिक्युटिव्ह कोच. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना शिकवतो. नवीन कंपनी काढणाऱ्या पोरांना सल्ला देतो. काय शिकवतो विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "माणसांचं ऐकून कसं घ्यायचं, ते शिकवतो."

माझ्या हातातली सुई खाली पडली गं. मी ती शोधलीसुद्धा नाही.

तरी मी म्हटलं, असू दे. पोरगं सावरलं, दाढी ठेवली, चार लोक विचारतात, बरंच झालं. माझ्या मनात तोवर काही नव्हतं. मग काही वर्षांनी तू मला त्याचा तो व्हिडिओ पाठवलास. आठवतंय का? खाली अंगठ्याचं चित्र घातलं होतंस. "मामी, बघ दादा कसला बोलतो!"

बघितला. दादा स्टेजवर इकडून तिकडं चालत होता. गालाला माईक चिकटवलेला. म्हणत होता, "माझी कंपनी टेक्नॉलॉजीमुळं बुडाली नाही. ती आष्ट्याच्या आठ बायकांनी बुडवली. त्यांना बदलायचंच नव्हतं. माप कॉम्प्युटर देत होता, आणि त्या मनानं शिवत होत्या." आणि समोर सगळी माणसं हसली. साहेब लोकं. टाय लावलेली.

मी तो तीनदा पाहिला. प्रत्येक वेळी तो तिथंच हसला आणि लोकंही तिथंच हसली.

आता तू म्हणशील, मामी, नाव तर घेतलं नाही कुणाचं. अगं, आष्टा म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलं काय? आष्ट्यात आठ बायकांचा एकच गोठा होता. आठवड्यात बाजारात मला एकीनं विचारलं, "काय वो, भाच्याची कंपनी तुमीच बुडवली म्हणं?" मी तिला उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं काय, माझ्या मागं चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. पण जतचीच्या गावात पिठाच्या गिरणीवर पोरांनी तो व्हिडिओ लावला. ही त्या आठांतली, सगळ्यांना माहीत. दोन दिवसांत बायका आल्या आणि न कापलेली कापडं परत घेऊन गेल्या. लग्नाचं काम होतं, तेही गेलं. कुणी भांडलं नाही, नुसतं "असू दे, घाई न्हाई" म्हणाल्या.

मी फोन केला तर म्हणाली, "मशिनीवर पोतं टाकलंय अक्का. आता मेंढरं राखते. मेंढरास्नी माप लागत न्हाई."

ती हसत बोलली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी ठरवलं की याचा सूड घ्यायचा. होय, सूडच. सत्तरीच्या बाईनं असं म्हणू नये, पण मी म्हणते. त्यानं चारचौघांत आमची शिवण खोटी ठरवली होती. ती चारचौघांतच खरी करून घ्यायची, आणि त्याच्याच तोंडून.

त्याचे आणखी व्हिडिओ पाहिले. सगळे. तुझे मामा म्हणायचे, "भाच्याचं लय कौतुक सुरू झालंय." मी हूं हूं करायची. मी बघत होते ते एवढंच, की तो दर वेळी गोष्ट संपली की थांबतो आणि मोठ्यानं म्हणतो, "जे बदलायला तयार आहेत, त्यांनी दोन्ही हात वर करा!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचे दोन्ही हात वर करतो. झटक्यात.

मग मला काही शोधावं लागलं नाही.

तालुक्याच्या बचत गटांनी त्याला बोलावलं. कॉलेजच्या हॉलात कार्यक्रम, नवीन धंदा करणाऱ्या बाया-पोरं येणार, आणि भूमिपुत्र म्हणून सत्कार. मी तुझ्या मामांना म्हटलं, "भाच्याचा सत्कार हाय, आहेर आपल्याकडनं नको का?" त्यांची छाती फुगली. मामाकडचा पोशाख म्हटल्यावर तो तिथंच अंगावर घालायचा, ही आपली रीत. मामानं दिलेला आहेर कुणी घडी घालून पिशवीत ठेवत नाही. तुझा भाऊ कितीही मोठा झाला तरी ही रीत त्याला मोडता येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

त्याला मेसेज केला. नेहरू शर्ट शिवते, पण माप तुझ्या पद्धतीनं पाठव. तो इतका खूश झाला! लगेच फोन. "मामी, शेवटी पटलं ना तुला? जुना प्रोग्राम माझ्याकडं आहे, फोटो काढून आकडे पाठवतो. आणि स्लिम फिट हां!"

"तू म्हणशील तसं," मी म्हटलं.

आकडे आले. दुपारी जेवण झाल्यावर कापड अंथरलं. फिकट सोनेरी, मऊ, पातळ. मुंढा कापायला कात्री लावली आणि माझा हात आपोआप एक बोट बाहेर गेला. इतक्या वर्षांची सवय. मी हात मागं घेतला. पाणी प्यायले. परत आकडा बघितला आणि आकड्यावर कापलं. एक सूतसुद्धा इकडं-तिकडं नाही.

आणि शिवताना दुहेरी टीप मारली. पक्का दोरा घेतला. तुला वाटेल फाटावं म्हणून कच्ची शिवली असेल. उलटं. मला शिवण उसवायला नको होती. जे जायचं ते कापड जायला हवं होतं.

हॉल भरला होता. आठांपैकी आम्ही पाचजणी तिसऱ्या ओळीत बसलो. जतची आली नाही. तुझ्या मामांनी नारळ, टोपी, शर्ट दिला. तो आत जाऊन घालून आला. काय दिसत होता! मलाही क्षणभर कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि तो माईकवर म्हणाला, "हा शर्ट माझ्या मामीनं शिवलाय. आणि माप माझ्या सॉफ्टवेअरचं आहे. बघा फिटिंग!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मी असं काही त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याचं तो बोलला.

मग त्याची ती गोष्ट आली. आठ बायका, मनानं शिवतात, बदलायला नको. माझ्या शेजारची एकजण मान खाली घालून पदर चुरगाळत होती. मी तिला म्हटलं, "मान वर कर. बघ आता."

"जे बदलायला तयार आहेत, त्यांनी दोन्ही हात वर करा!"

गालाजवळ माईक होता ना, त्यामुळं टर्र आवाज सगळ्या हॉलात घुमला. दोन्ही काखांत. डावीकडं तर पार खाली कमरेपर्यंत. तो हात वर धरूनच उभा. खाली घ्यावे की नाही कळेना. मागं एक म्हातारी बोलली, "आगं बया, पोरगं उघडं पडलं की!" आणि बायका अशा हसल्या, अशा हसल्या की विचारू नकोस.

मी उठले. खुर्च्यांतून वाट काढत गेले. एरवी गुडघे दुखतात, पण त्या दिवशी दुखले नाहीत. खालूनच विचारलं, "साहेब, शिवण चुकली का माप चुकलं?"

आता हे कोच लोक उत्तर देत नाहीत, माहिताय का? उलटा प्रश्न विचारतात. त्यानं घाम पुसला, हसला आणि म्हणाला, "छान प्रश्न मामी. तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मी सहा वरसांपूर्वी सांगितलंय. आता तू सांग."

मी पायऱ्या चढले, त्याचा हात धरून वर केला आणि फाटलेली बाजू उलटी करून हॉलला दाखवली. "आयांनो, बायांनो, तुमच्यात शिवणाऱ्या कितीजणी हायत? बघा. टीप जशीच्या तशी हाय. टाका हललेला न्हाई. उसवलं असतं तर शिवणारीचा दोष. हे शिवणीच्या शेजारनं कापड फाटलंय. म्हंजे कशाचा दोष?"

पंचवीस-तीस बायका एका सुरात म्हणाल्या, "मापाचा!"

मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. लहानपणी बरणीतला गुळांबा संपवल्यावर बघायचे तशी. अखेर तो बोलला, हळूच, पण माईक होता की गालाला. "माप चुकलं."

मला वाईट वाटलं का? तू हेच विचारणार. नाही गं. अजिबात नाही. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुझ्या मामांनी विचारलं, "तू मुद्दाम केलंस?" मी म्हटलं, "त्यानं दिलेल्या मापानं शिवला." त्यांना असं हसू आलं की कवळी हातात घ्यावी लागली. गडबडीत आधीचा शर्ट सापडेना, म्हणून त्या पोराला त्यांचाच फौजेतला जुना स्वेटर घालून पुण्याला परत जावं लागलं होतं. फाटका शर्ट खुर्चीवर राहिला, तो मी उचलून आणला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तुझ्या भावाला तू ओळखतेसच. आठवड्यात नवीन व्हिडिओ. "स्टेजवर माझा शर्ट फाटला आणि मी नम्रता शिकलो." मामीचं कौतुक, गावच्या शहाणपणाचं कौतुक, हजारोंनी बदामाची चित्रं. त्या आठ बायकांचं मात्र चकार शब्द नाही. जुना व्हिडिओ तसाच. माझा सूडसुद्धा त्यानं उचलला आणि स्वतःच्या अंगाला नीट बसवून घेतला. वर फोन, "मामी, तो शर्ट पाठव ना. फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावायचाय."

तेव्हा मला जो राग आला, तो पहिल्या रागाच्या दुप्पट होता. पण या वेळी डोकं थंड राहिलं. म्हटलं, "शर्ट पाहिजे ना? मग आधी जतला जा. तिच्या दारात, तिच्या शेजारणींसमोर, ते दोन शब्द म्हण."

"मामी, कॅलेंडर बघून सांगतो."

मी कॅलेंडर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली, शर्ट पिशवीत. उतरून पुढं जीपनं, मग चालत. ती मेंढरांमागंच होती. मला बघून काठी टाकून आली. "अक्का, तुमी कशाला एवढ्या लांब?" मी म्हटलं, "शेजारणींना बोलव. ज्यांनी कापडं नेली त्यांना आधी."

आल्या. टँकरची वेळ होती, घागरी घेऊनच आल्या. मी शर्ट उलटा केला आणि त्यांच्या हातात दिला. कुणाचं माप, कुणाची शिवण, एवढंच सांगितलं. तो शर्ट हातोहात फिरला. एकीनं टाका ओढून बघितला, दुसरीनं दातानं धरून बघितला. त्या आपसात कानडीत बोलल्या, मला कळलं नाही. मग त्यातली थोरली जतचीकडं वळली आणि मराठीत म्हणाली, "माझं कापड घरात तसंच हाय. उद्या आणू का?"

जतची आत गेली. पोतं झटकल्याचा आवाज आला, धूळ दारापर्यंत आली.

शर्ट मी तिथंच ठेवला. तिनं तो मशिनीच्या वर खिळ्याला टांगलाय, आतली बाजू बाहेर करून. गिऱ्हाईक आलं की आधी ते दाखवते. तेव्हा तुझ्या भावाला सांग, शर्ट माझ्याकडं नाही. हवा असेल तर तिच्या दारात जाऊन मागायचा. ती देईल की नाही ते तिचं ती बघेल. मेंढरांच्या वाटेनं बूट खराब होतील, तेही सांग.

अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा मला कळेल, तिथल्या बायका फोन करणार आहेत.

आणि तू? तुझ्यावर माझा राग नाही. अंगठ्याचं चित्र पाठवलंस ते न कळता पाठवलंस. पण आता कळलंय. गेल्या साली तू सांगलीला घेतलेलं जांभळं कापड माझ्या पेटीत पडून आहे. कापलं नाही, कारण फोटोवरनं मी आता कुणाचंच कापणार नाही. येताना जुनं ब्लाऊज आणू नकोस. नुसती सोप्यात उभी राहा आणि फळीवरचा डबा काढल्यासारखे हात वर कर. डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत, तुझ्या मामांपासून लपवून ठेवलेत. ते संपायच्या आत ये गं.